ब्रशचा झिजलेला कोपरा

माझ्या नवऱ्याचं, महेंद्रचं, म्हणणं आहे की मी चुकून चित्रकलेत आले. माझी खरी जागा पोलीस चौकीत होती. म्हणू दे. छत्तीस वर्षं ऑर्डनन्स फॅक्टरीत काढून हा माणूस अजून भाजीवाल्याने दिलेली मेथीची जुडी न उलगडता पिशवीत टाकतो आणि घरी आल्यावर आतलं गवत मी निवडते. मी मात्र उल्हासनगरला ब्रश घ्यायला गेले की आधी पेलाभर पाणी मागते. ब्रश बुडवते, झटकते, केसांचं टोक एकत्र येतंय का ते बघते आणि मगच पुढचं बोलते. तो सिंधी दुकानदार आता मला लांबून बघूनच ओरडतो, "आओ मॅडम, पानी रखा है!" तर संशय हा माझा स्वभाव आहे आणि मला त्याची कधी लाज वाटली नाही. गेल्या एप्रिलपर्यंत तरी नाही.

अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका पहिल्या मजल्यावर माझा चित्रकलेचा वर्ग आहे. दर रविवारी सकाळी अठरा मुलं येतात. शिरल्या शिरल्या भिंतीवर माझे नियम दिसतात. पाण्याचे मग दोन, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. ब्रश मगात उभा सोडायचा नाही, केस वाकतात ते कायमचे. काळ्या रंगाची ट्यूब घरी ठेवून यायची, सावली दुसरे रंग मिसळून करायची. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: चित्र स्वतः काढायचं.

हा शेवटचा नियम जितेशमुळे आला. बदलापूरचा मुलगा, नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे होता. मुंबईतल्या एका कलासंस्थेचं मे महिन्यात महिनाभराचं शिबिर असतं. प्रत्येक वर्गातून एकच नाव पाठवता येतं. मी जितेशचं पाठवलं. त्याची पाचही चित्रं इतकी सुरेख होती की मी डोळे झाकून सही केली. तिथे गेल्यावर त्यांनी त्याला एक मडकं काढायला बसवलं, तेव्हा जितेशसाहेबांना मडक्याचं तोंड गोल काढावं की चपटं हेच कळेना. चित्रं वडिलांनी कुणा पेंटरकडून काढून घेतली होती. संस्थेने माझं पत्र परत पाठवलं, माझ्या सहीभोवती लाल पेनाने गोल करून. ते पत्र मी अजून जपून ठेवलंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं.

म्हणून करिष्माने फॉर्म आणि पाच चित्रं माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी आधी चित्रांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

करिष्मा चिखलोलीची. तिथल्या जुन्या शेतीवाल्या घरातली, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. वडील, हरिचंद्र, एमआयडीसीत कंपनीत. माझ्याकडे येऊन तिला जेमतेम सहा महिने झाले होते. बोलायची कमी, ऐकायची सगळं. पण हात! वर्गात तिचा हात बघवत नसे. सरळ रेघ थरथरायची, आकाशाचा रंग लावायला घेतला की मध्येच वाळून काठ पडायचे. मी मनात म्हणायचे, मेहनती आहे बिचारी, पण हातात नाही.

आणि आता ही पाच चित्रं. चिखलोलीचं धरण, कौलांवर वाळत टाकलेली गोधडी, विटांच्या ढिगाशेजारी बांधलेली म्हैस. गोधडीच्या घडीतली सावली तर अशी की बोट लावून बघावंसं वाटलं.

"घरी काढलीस?"

"हो मॅडम."

"कोणी मदत केली?"

"नाही." मग जमिनीकडे बघत म्हणाली, "पप्पा बोललेत, शिबिरात नाव लागलं तर आर्टला घालतील. नाही लागलं तर कॉमर्स. मग परत रंगांचं नाव नाही काढायचं."

फॉर्मच्या तळाशी तीच जुनी ओळ होती: 'सदर चित्रे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढलेली आहेत, याची मी खात्री केली आहे.' खाली माझ्या सहीची जागा. फॉर्म येत्या नाही, त्यापुढच्या शनिवारपर्यंत मुंबईला पोचवायचा होता. मी म्हटलं, ठेव, बघते.

मग मी बघायलाच लागले.

पहिल्यांदा उलटतपासणी घेतली. "गोधडीखालचा हा राखाडी कसा केलास?" मला वाटलं, अडखळेल. ती पटकन म्हणाली, "अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळा थोडा जास्त, म्हणजे सावली गार वाटते." अगदी बरोबर. "आणि म्हशीचा काळा?" "त्याच दोन रंगांचा, पाणी कमी." तेही बरोबर. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. माझा संशय वाढला. एवढं पोपटासारखं येतंय म्हणजे कुणीतरी पढवून पाठवलंय.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी चित्रं खिडकीशी नेली आणि भिंगाखाली धरली. सावलीत तिने ब्रशच्या टोकाने बारीक रेघा मारल्या होत्या, एकाशेजारी एक. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या रेघा खाली डावीकडून वर उजवीकडे जातात. माझ्या जातात, वर्गातल्या सगळ्या मुलांच्या जातात. या रेघा उलट्या बाजूला कलल्या होत्या. पाचही चित्रांत. करिष्मा माझ्यासमोर सहा महिने उजव्या हाताने रंगवत होती, त्यात शंकाच नव्हती. म्हणजे ही चित्रं कुणातरी डावऱ्या माणसाची होती.

घरी येऊन मी महेंद्रला म्हटलं, "अहो, कुठेतरी पाणी मुरतंय."

"जलरंगच आहेत ना? मुरणारच," तो म्हणाला आणि पेपर वाचत बसला.

पुढच्या रविवारी ब्रश तपासायचे होते. महिन्यातून एकदा मी सगळ्यांचे ब्रश टेबलावर मांडायला लावते. कोणी साबण नीट काढला नाही, कोणाच्या ब्रशच्या मुळाशी रंग साठून केस फाकलेत, सगळं तिथे कळतं. माणूस खोटं बोलेल, ब्रश बोलत नाही. करिष्माचे ब्रश नेहमीसारखे स्वच्छ होते. पण तिचा अर्ध्या इंचाचा फ्लॅट ब्रश मी या वेळी उजेडात धरला आणि पुन्हा पालथा करून बघितला. फ्लॅट ब्रशचा, दांड्यावरचा नंबर वर करून धरायची सवय असली की, रोज घासून एकच कोपरा झिजतो. बाकी सतरा मुलांचा जो कोपरा झिजला होता, तो हिचा जवळजवळ कोरा होता. हिचा झिजला होता नेमका दुसरा.

ब्रश हिचा, पण वापरणारा हात दुसऱ्याचा. आता रेघाही तेच सांगत होत्या आणि ब्रशही.

आणि तो हात त्याच दुपारी जिना चढून आला. करिष्माला न्यायला तिचा काका, अल्पेश, मोटारसायकल घेऊन आला होता. मुलीला न्यायला येणाऱ्याने वहीत नाव लिहून सही करायची, असा माझा नियम आहे. त्याने हेल्मेट काखेत धरलं, पेन उचललं आणि डाव्या हाताने सही केली. नखांत लाल ऑइल पेंट बसलेला होता.

"आपण पेंटर का?" मी गोड आवाजात विचारलं.

"हां म्याडम. लग्नाच्या भिंती करतो. नाव, हत्ती, कलस, सगला."

मी वही मिटली. चोराने स्वतःच सही केली होती.

त्याला खाली पाठवून मी करिष्माला थांबवलं. मुलं गेली होती. मी तिच्यासमोर कोरा कागद चिकटवला आणि स्टुलावर एक वाकडातिकडा टॉवेल टाकला.

"गोधडी काढलीस ना? आता हा टॉवेल काढ. माझ्यासमोर."

तिने एकदा टॉवेलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ब्रश उजव्या हातात घेतला. मी तिच्या खांद्यामागे उभी राहिले. रेघ थरथरली. पहिलाच रंग लावताना काठ पडला, तो काढायला गेली तर कागद खरवडला गेला. एप्रिलचं ऊन, पंख्याचा वारा, रंग वाळायला वेळ लागत नव्हता, हे सगळं मला दिसत होतं. पण मला जे बघायचं होतं तेही दिसत होतं.

"पुरे," मी म्हटलं. "घरी तुझी चित्रं कुठला हात काढतो ते मला कळलंय. मी सही करणार नाही."

ती 'मीच काढते' म्हणून भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. रडली असती तरी चाललं असतं. तिने फक्त मान हलवली, जणू तिला हे माहीतच होतं. मग उठून मोरीत गेली, तळहातावर साबण घेऊन ब्रश त्यावर गोल गोल फिरवला, फेस पांढरा येईपर्यंत धुतला, केस बोटांनी टोकाला आणले, ब्रश फडक्यावर आडवा ठेवून टिपला आणि गेली. चित्रं आणि फॉर्म टेबलावरच राहिले.

मी जिंकले होते आणि मला जेवण गेलं नाही. महेंद्रने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं; कोपरा, रेघा, काका, टॉवेल.

"केस पक्की आहे तुझी," तो म्हणाला. "पण वेणू, तू तिला हाकललंस, आणि तरी तिने ब्रश धुतला?"

"हो."

"साबणाने?"

"चोर हत्यार पुसूनच ठेवतो," मी म्हटलं. पण ते मला स्वतःलाच पटलं नाही. माझ्याकडची चांगली चांगली मुलंसुद्धा चिडली की ब्रश तसाच पिशवीत कोंबून जातात.

गुरुवारी मी रिक्षा केली आणि न कळवता चिखलोलीला गेले. खोटं कशाला बोलू, माफी मागायला गेले नव्हते. रंगेहाथ पकडायलाच गेले होते. चित्रं आणि फॉर्म पिशवीत होते, म्हणजे पुरावा हातात असावा.

नव्या इमारतींची रांग संपली की तिथे जुनी घरं लागतात. त्यांतल्या पहिल्याच घराच्या भिंतीवर अल्पेश काम करत होता. शेजाऱ्यांकडे लग्न होतं. भिंत गुलाबी, त्यावर नवरा-नवरीचं नाव, दोन्ही बाजूंना सोंड उचललेले हत्ती. मी लांब उभी राहून बघत राहिले. हात डावाच होता, सफाईदार होता. पण हत्तीच्या पोटाखाली त्याने सावली म्हणून थेट डब्यातला काळा ओढला, जाड पट्ट्याने. काळा! आणि काम झाल्यावर ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात खाडकन उभा टाकला. त्या डब्यात आधीच चार ब्रश डोकं खाली करून उभे होते आणि चौघांचेही केस आकड्यासारखे वाकलेले होते.

या माणसाच्या हातात करिष्माचा तो अर्ध्या इंचाचा ब्रश असता, तर आठ दिवसांत त्याचा झाडू झाला असता.

त्याने मला पाहिलं. "म्याडम! तुमी आल्या? या ना."

मी सरळच विचारलं. "करिष्माची चित्रं तुम्ही काढून देता का?"

तो हसला. "मी? म्याडम, आमाला डबा उघडला आन लावला, एवढाच येतो. तो पान्याचा रंग आपल्याला नाय जमत. मी एकदा तिच्या कागदाला हात लावला तर पोरगी दोन दिस बोलली नाय माझ्याशी."

"मग कोण काढतं?"

"तीच काढते. बाजूचा घर आमचा, त्याच्या मागं बसलीय बगा. रोज बसते." मग म्हणाला, "आयतवारपासून जेवत पन नाय धड. काय झाला तिकडं?"

मी त्यांच्या घराला वळसा घालून मागे गेले. चपला पायरीशी काढल्या, मुद्दाम, आवाज होऊ नये म्हणून. शेवटपर्यंत माझा स्वभाव सुटला नाही.

मागच्या पडवीत ती जमिनीवर बसली होती. पाठ माझ्याकडे. पुढ्यात फळी, फळीला चिकटवलेला कागद, शेजारी पाण्याचे दोन मग, एक धुवायला, एक स्वच्छ. समोरच्या दोरीवर एक टॉवेल टाकलेला. रविवारचा जो टॉवेल तिला माझ्यासमोर जमला नव्हता, तो ती पुन्हा काढत होती. फ्लॅट ब्रश रंगात भिजवून एका ओढीत तिने टॉवेलची अख्खी बाजू उतरवली. काठ पडला नाही. थरथर नाही. ओला रंग कडेला थबकला, तिने ब्रशच्या कोपऱ्याने तो उचलून घेतला. झिजलेल्या कोपऱ्याने.

डाव्या हाताने.

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. ती दचकून वळली. मला बघितलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर ब्रश झटकन उजव्या हातात घेतला आणि डावा हात ओढणीखाली लपवला.

"सॉरी मॅडम."

"सॉरी कशाबद्दल?"

"घरी विसरायला होतं. मी सवय करतेय उजव्या हाताची. वर्गात एकदा पण नाही केलं मी डाव्याने, खरंच."

"पण तुला डाव्याने येतंय तर उजव्याने का काढतेस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची परीक्षाच बघतेय. "तुम्हीच सांगितलं ना मॅडम. दसऱ्याला."

मला काही आठवेना. मग आठवलं.

दसऱ्याला माझ्या वर्गात पाटीपूजन असतं. सगळ्यांचे ब्रश धुवून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं आणि प्रत्येकाने पाटीवर पांढऱ्या रंगाने एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची. करिष्माचा तो वर्गातला पहिला दिवस. रांगेत ती शेवटची होती. तिने ब्रश डाव्या हातात घेतला, तेव्हा मी तो काढून तिच्या उजव्या हातात दिला आणि म्हटलं, "उजव्या हाताने गं. देवीचं आहे. डाव्या हाताने नसतं काढायचं." लहानपणापासून ऐकलेलं वाक्य तोंडून गेलं. मी तेवढ्या पाटीपुरतं बोलले होते आणि दुसऱ्या मिनिटाला प्रसादाचे पेढे वाटायला लागले होते. तिने ते कायमचं धरलं. माझ्या भिंतीवरच्या सगळ्या नियमांसारखाच हाही एक नियम, फक्त लिहिलेला नाही, एवढंच तिला वाटलं. सहा महिने ही मुलगी माझ्यासमोर चुकीच्या हाताने धडपडत होती, आणि मी मनात म्हणत होते, बिचारीच्या हातात नाही.

"मला वाटलंच होतं, तुम्हाला कळणार," ती हळू आवाजात म्हणाली. "ही चित्रं डाव्या हाताची आहेत, म्हणूनच सही केली नाहीत ना?"

मी खाली बसले. पडवीत, तशीच, साडी सावरायचीही शुद्ध नव्हती. नऊ वर्षं मी चोर शोधत होते. माझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"करिष्मा, चूक माझी आहे," मी म्हटलं. "ते फक्त पूजेपुरतं होतं. आणि तेही मी बोलायला नको होतं. तू कुठल्या हाताने काढतेस याच्याशी देवीला काही नाही आणि मला तर त्याहून नाही."

तिला ते लगेच पटलं नाही. सहा महिन्यांचं असं एका वाक्यात कसं पुसणार? मी तिच्या उजव्या हातातला ब्रश काढून घेतला आणि ओढणीखालचा डावा हात बाहेर ओढून त्यात ठेवला. बोटं मिटेनात. मीच ती एकेक करून मिटवली.

"कर पुरा टॉवेल. रंग वाळतोय."

ती कागदाकडे वळली. ब्रश बुडवला, कागदाजवळ नेला आणि थांबली. हात थरथरत होता. डावा हात, जो मघाशी एका ओढीत टॉवेल उतरवत होता, तो आता वर्गातल्या उजव्या हातासारखाच थरथरत होता.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही जरा तिकडे तोंड करून बसाल?"

इतकी वर्षं मी मुलांच्या खांद्यामागे उभी राहत आले. त्या दिवशी मी वळून, तिच्याकडे पाठ करून बसले. समोर अंगणापलीकडे अल्पेशच्या भिंतीचं टोक आणि हत्तीची अर्धी सोंड दिसत होती. मागे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ब्रश मगाच्या काठावर दोनदा टेकल्याचा आवाज आला, जास्तीचं पाणी काढायची माझीच सवय. मग ब्रश कागदावरून सलग गेल्याचा.

मी पिशवीतून फॉर्म काढून मांडीवर ठेवला. 'याची मी खात्री केली आहे.' मान वळवून एकदा बघावं असं फार वाटलं. नाही बघितलं. तशीच सही केली.